तिसऱ्या दिवसाची गाडी

मिआओ मावशींनी आधी पाठ आत घेतली, सीटवर टेकल्या, आणि मग दोन्ही हातांनी उजवी मांडी धरून पाय उचलला आणि बाजाराची पिशवी ठेवावी तसा गाडीत ठेवून दिला. हे सगळं त्यांनी इतक्या सहज उरकलं की बघणाऱ्याला वाटावं, बाई कोट सावरतायत.

झान लानयिंग दार धरून उभी होती. तिने दार लावलं नाही. वुयुआनच्या स्टेशनावरून पाहुणे उचलायचे, दोन-तीन दिवस डोंगरातली गावं दाखवायची आणि परत ट्रेनला आणून सोडायचे, हा तिचा धंदा. माणूस गाडीत बसतो कसा, एवढ्यावरून तिला पुढचा दिवस कसा जाणार ते कळायचं. आणि या बाईंचा मुलगा तर तिला फोनवर म्हणाला होता, "आई अजून दोन्ही हातांत भाजी घेऊन चौथ्या मजल्यावर चढते, झानताई. तिला भरपूर चालवा. घरात बसून गंजत चाललीय."

"मावशी, पायाला काय झालं?"

"झोपलाय," मावशी म्हणाल्या. "ट्रेनमध्ये मुंग्या आल्या."

डिकीशी उभे असलेले त्यांचे यजमान तांग काका मोठ्याने खोकले. खोकता खोकता त्यांनी घडीची काठी बॅगेखाली सरकवली. लानयिंगने तेही पाहिलं, आणि मग दार लावलं.

मुलाचं नाव पंगफेइ. हांगचौला एका मोठ्या कंपनीत कंप्युटरवर काहीतरी करायचा. नेमकं काय, ते त्याच्या आईला सांगता यायचं नाही, पण त्यामुळे तिचा अभिमान कुठे अडत नव्हता. आईच्या वाढदिवसाची भेट म्हणून त्याने तीन दिवसांची गाडी ठरवली होती. स्वतः येणार होता, पण काम निघालं. त्याची मागणी साधी होती. प्रत्येक ठिकाणचा फोटो पाठवायचा, आणि आईची तब्येत कशी वाटते ते खरं खरं सांगायचं. "ते दोघं मला फक्त चांगलंच सांगतात हो," तो म्हणाला होता. लानयिंगने हो म्हटलं होतं. लांब राहणारी मुलं गाडी ठरवतात ती आईबापांना फिरवण्यासाठी कमी आणि त्यांच्याकडे दोन डोळ्यांनी बघायला कुणीतरी असावं म्हणून जास्त, हे तिला आता पाठ झालं होतं.

पहिलं गाव हुआंगलिंग. तिथे ड्रायव्हरने खालीच थांबायचं, अशी रीत. पण फोटोचं कबूल केलेलं, म्हणून ती रोपवेने त्यांच्याबरोबर वर गेली. वर डोंगराच्या उतारावर घरांवर घरं, आणि प्रत्येक गच्चीवर वाळवण: लाल मिरच्या, पिवळा मका, भोपळ्याच्या फोडी. आणि जिकडे जावं तिकडे दगडी पायऱ्या. मावशींनी त्या पायऱ्यांकडे जुन्या भांडखोर शेजारणीकडे बघावं तसं बघितलं आणि पहिल्याच बाकावर बसकण मारली.

"इथूनच छान दिसतंय."

लानयिंगने फोटो काढला. मावशींनी दोन्ही हात पसरले, चेहरा आभाळाकडे केला. कमरेच्या वरचं सगळं अगदी आनंदात होतं. फोटो गेला आणि लगेच उत्तर आलं: मस्त! आता वरच्या सज्ज्यावर जाऊन काढा ना!

"त्याला सांग, गर्दी आहे," काका म्हणाले.

"सांग, तुझे बाबा दमले," मावशी म्हणाल्या.

"माझं नाव कशाला?"

"मग कुणाचं घालू? बाकाखालच्या त्या मांजराचं?"

लानयिंगने लिहिलं, बाबा दमलेत. आपण पहिल्याच दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, खोटं बोललो, हे तिच्या लक्षात आलं. तेही फारसं न अडखळता.

खाली ज्या खानावळीत ती पाहुणे आणायची तिथे ड्रायव्हर लोकांचं टेबल मुदपाकखान्याच्या दाराशी असे. ती तिथे वाटी घेऊन बसलीच होती, तेवढ्यात काका आले.

"चल, आमच्यात बस."

"नको काका. पाहुण्यांच्या टेबलावर आम्ही बसत नाही. आमची रीत असते."

"तुझी रीत उद्या पाळ," काका हळूच म्हणाले. "तिला तुझ्याशी बोलायचंय, आणि तिला उठून इथवर येता येत नाही."

टेबलावर तांदळाच्या पिठात घोळवून वाफवलेल्या अळकुड्या होत्या. मावशींनी सगळ्यांत मऊ तुकडा उचलून लानयिंगच्या वाटीत टाकला. ही लाच आहे हे तिघांनाही कळलं.

"नववर्षाला पोरगा घरी येऊन गेला," मावशी म्हणाल्या, "आणि त्याच आठवड्यात मी जिन्याखाली बर्फावर पडले. खुब्याचं हाड. आत सळई घातलीय."

"आणि मुलाला ठाऊक नाही?"

"त्याच्या कंपनीत तेव्हा माणसं कमी करत होते. पस्तिशी ओलांडलेली पहिली. सांगितलं असतं तर सगळं टाकून धावत आला असता, आणि साहेबाला निमित्तच मिळालं असतं. मी ह्यांना म्हटलं, हाड काय, जुळतं. नोकरी तुटली की जुळत नाही." त्यांनी काकांकडे विजयाने पाहिलं. "वाचली की नाही नोकरी?"

"वाचली," काका म्हणाले. "तुझ्या हाडावर वाचली."

"मे महिन्यात तो आला नाही, काम होतं. चंद्राच्या सणाला आला नाही, काम होतं. मला बरंच पडलं. व्हिडिओवर मी आपली बसलेली. मला म्हणतो, आई, तू जाड झालीस." त्या हसल्या आणि मग हसू पुसून टाकल्यासारखं तोंड केलं. "येत्या नववर्षाला मी काठीशिवाय दार उघडणार बघ. मग सांगीन, गंमत म्हणून. तोवर तू सांगायचं नाहीस. सांगितलंस तर तो उद्या इथे उभा राहील आणि मी त्या वेळी सोसलेलं सगळं फुकट जाईल."

लानयिंगने अळकुडी खाल्ली. मुलाला खरं सांगायचं कबूल केलेलं, आता आईला न सांगायचं कबूल करायची वेळ आली होती. तिचा स्वतःचा नवरा निंगबोला बांधकामावर होता, आणि परवाच तिने त्याला सांगितलं होतं की छत यंदा गळत नाही.

"उद्या कुठे नेणार होतीस?" काकांनी विचारलं.

"धबधबा. तिथे तर नुसत्या पायऱ्याच."

मग लानयिंगच्या तोंडून जे निघालं ते गेल्या कित्येक वर्षांत कुठल्याच गिऱ्हाइकासमोर निघालं नव्हतं.

"माझ्या घरी चला. गच्चीवर मिरच्या आहेत. फोटोत कोण ओळखतंय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मावशी लानयिंगच्या अंगणात वेताच्या खुर्चीत बसल्या होत्या. मांडीवर सूप. डोंगरातल्या तेलचहाची बोंडं उन्हात तडकली होती, आणि त्यातल्या काळ्या बिया वेगळ्या करायच्या होत्या. आठवड्याभरात घाण्यावर न्यायच्या, तेल काढायचं. मावशींनी न विचारता काम हातात घेतलं. काठी उघडपणे खुर्चीला टेकून होती. काकांनी आल्या आल्या अंगणातला लुकलुकणारा दिवा खोलून बसवला. ते खाणीत इलेक्ट्रिशियन होते आणि लुकलुकणारी वस्तू त्यांना सहन होत नसे.

"बघ, याला म्हणतात फिरणं," मावशी म्हणाल्या. "पाय न हलवता."

"पैसे त्याचे, आणि बिया आपण निवडायच्या," काका म्हणाले.

"तुम्हाला कुणी सांगितलंय निवडायला? जा, धबधबा बघून या."

लानयिंगने फोटो काढले. मिरच्यांच्या टोपल्यांपाशी लाल स्कार्फ घालून एक. मग स्कार्फ बदलून, खुर्ची फिरवून, डोंगर मागे घेऊन एक. धबधब्याचा मात्र पत्ता नव्हता. ओढ्याला पाणी कमी आहे, असं तिने लिहून टाकलं.

दुपारी मावशींचा फोन वाजला. पंगफेइ, व्हिडिओवर. एकदम धावपळ उडाली. काठी सुपाखाली गेली, सूप खुर्चीखाली गेलं, मावशी ताठ झाल्या.

"आई! तिकीट काढून आत गेलात ना? ... तिथे कोंबड्या पण आहेत?"

लानयिंगची तांबडी कोंबडी मावशींच्या खांद्यामागून चालली होती.

"सगळं अगदी खरंखुरं ठेवलंय," मावशी म्हणाल्या. "तिकीट काय उगाच घेतात?"

"आणि माणसं कुठेत?"

"जेवायला गेलीत."

लानयिंग हसू दाबत मावशींच्या मागे उभी होती, म्हणून तिला फोनचा स्क्रीन दिसला. पांढरा शर्ट, गळ्यात ओळखपत्राची फीत, मागे करड्या रंगाचा सपाट पडदा. कुठेतरी फोन टेकवून तो संत्रं सोलत होता. बोलता बोलता दोन्ही हात वर आले, आणि लानयिंगचं हसू थांबलं.

उजवा हात कागदासारखा पांढरा होता. डावा कोपरापर्यंत काळवंडलेला, उकळलेल्या चहासारखा. इकडे स्टिअरिंग डावीकडे, त्यामुळे गाडी चालवणाऱ्याचा डावा हात सगळा उन्हाळा खिडकीशी असतो. लानयिंगच्या धंद्यातल्या प्रत्येकाचा हात असाच. ती स्वतः आताशा ऊन लागू नये म्हणून हातावर वेगळी बाही चढवायला लागली होती. तिने पुन्हा बघितलं. डावा गालही तसाच. आणि मागचा तो करडा पडदा पडदा नव्हता, सीटची पाठ होती. वरच्या कोपऱ्यात पट्ट्याचा हुक दिसत होता.

"ठेवतो आई. मीटिंग आहे."

"जा, जा. साहेबांना थांबवू नकोस."

फोन बंद झाला. मावशींनी खुर्चीखालून सूप ओढलं. "काळवंडल्यासारखा वाटला का हो?"

"उजेडाचं असेल," काका म्हणाले, आणि आधीच निवडून झालेल्या बिया पुन्हा निवडायला लागले.

लानयिंग विहिरीवर गेली आणि उगाचच हात धुतले. बाई इथे बसून समजतेय की तिने हाड देऊन मुलाची नोकरी वाचवली. आणि मुलगा तिकडे शर्ट घालून, गळ्यात जुनी फीत अडकवून, गाडी कुठेतरी सावलीला लावून मागच्या सीटवर बसतो. आईचा फोन झाला की पुढे जाऊन बसत असणार.

दिवस कलला तेव्हा ती गच्चीवर टोपल्या गोळा करत होती. खालच्या खोलीत पाहुण्यांची पथारी घातली होती. त्यांच्या लॉजमध्ये खोली वरच्या मजल्यावर होती, आणि आता लपवाछपवी करायला कुणाच्यात त्राण नव्हतं. तेवढ्यात तिचा फोन वाजला.

"झानताई, एक विचारू? आई प्रत्येक फोटोत बसलेलीच का आहे?"

त्याच्या आवाजामागे टिक-टिक चालू होतं. गाडी वळायच्या बेतात होती.

"कालपासून एकाही फोटोत उभी नाही. माझ्या आईला मी ओळखतो. फोटो म्हटला की ती पाय वर करून नाचते. ताई, तुम्ही कबूल केलं होतं."

"केलं होतं."

"मग सांगा. नाहीतर मी आत्ता निघतो. म्हणजे, सुट्टी टाकतो. साहेबाला विचारावं लागेल."

साहेबाला, असं म्हणताना तो किंचित थांबला. लानयिंगने टोपली खाली ठेवली. खालून मावशींचं आणि काकांचं बोलणं ऐकू येत होतं. चहात मीठ कोण घालतं यावरून काहीतरी चाललं होतं.

"उद्या माझी अडचण झालीय," ती म्हणाली. "ब्रेक आवाज करतायत, गाडी दुरुस्तीला द्यायचीय. तिसऱ्या दिवसासाठी मी दुसरा ड्रायव्हर शोधतेय. इथले सगळे हंगामात अडकलेत. हांगचौकडचा असला तरी चालेल. वळणावर हळू घेणारा हवा. म्हाताऱ्या माणसांना घाई न करणारा. तुमच्या ओळखीत आहे का कुणी?"

टिक-टिक बंद झालं. गाडी बाजूला घेतली असावी.

"आहे एक."

"नवा आहे?"

"वसंतापासून चालवतो."

"हात बसलाय?"

"बसलाय."

"मग पाठवा त्याला सकाळी. आणि त्याला सांगा, वाटेत झोपून ये. भाडं लांबचं आहे म्हणून पहाटेपर्यंत ओढत बसू नको. मानेखाली टॉवेलची गुंडाळी घे. पाण्याची बाटली नाही, ती मान अवघडवते."

"हो."

"जेवण इथे मिळेल."

"आणि आई? ताई, आईचं काय?"

"ते त्यालाच बघू दे," लानयिंग म्हणाली आणि फोन ठेवला.

खाली येऊन तिने सांगितलं की उद्या दुसरा ड्रायव्हर येईल, तिच्या गाडीचे ब्रेक आवाज करतायत. मावशी हळहळल्या. काका मात्र उठलेच.

"कुठेय गाडी? मी बघतो."

"नको काका, मेकॅनिकला सांगितलंय."

"मेकॅनिक काय बघणार? आवाज पुढून येतो की मागून?"

"मधून."

"मधे ब्रेकच नसतात!"

लानयिंगने किल्ली घेतली, गाडी बाहेर काढली आणि चुलत दिराच्या गिरणीमागे नेऊन ताडपत्री टाकली. काका फाटकाशी उभे राहून कान देत होते. ब्रेक इतके चांगले लागले की तिला स्वतःचाच राग आला.

सकाळी धुकं होतं. हांगचौची हिरव्या नंबरपाटीची, विजेवरची गाडी कधी आली ते कुणाला कळलं नाही. लानयिंग पेज ढवळत होती. खिडकीतून तिला एक माणूस ओल्या फडक्याने पुढची काच पुसताना दिसला. डाव्या हातात उन्हाची बाही चढवलेली, खिशात मळक्या हातमोज्यांची जोडी, केस एका बाजूला चेपलेले. टॉवेल घेतला होता तर.

तिने हाक मारायच्या आत मावशी दारातून बाहेर पडल्या. परक्या ड्रायव्हरसमोर लपवायचं काही कारण नव्हतं, म्हणून त्या काठी टेकत, डावीकडे झुकत, पाय ओढत निघाल्या होत्या, जशा घरी कुणी नसताना निघत असतील तशा. अंगणाच्या मध्यावर आल्यावर त्यांनी मान वर केली.

त्यानेही तेव्हाच मागे वळून बघितलं. फडकं त्याच्या हातात होतं.

दोघंही जिथल्या तिथे थांबली. मावशींचा मोकळा हात काठी मागे घ्यायला वळला आणि अर्ध्यात राहिला. तो फडक्याची घडी घालायला लागला. घडीवर घडी, इतकी की ते त्याच्या मुठीत मावेना.

काका मागून बॅग घेऊन आले. त्यांनी बायकोकडे पाहिलं, मग मुलाकडे, मग गाडीकडे. बॅग खाली ठेवली.

"रिकामाच आलास?" त्यांनी विचारलं.

"नाही." पंगफेइने घसा साफ केला. "वाटेत कायहुआपर्यंत दोन सवाऱ्या होत्या."

"बरं केलंस," काका म्हणाले. "रिकामी गाडी आणणं परवडत नाही."

मावशींना हे ऐकूच आलं नाही की काय कोण जाणे. त्या गाडीकडे बघत होत्या, काचेला आतून लावलेल्या फोनच्या अडकणीकडे, दाराच्या कप्प्यातल्या थर्मासकडे.

"कधी?" पंगफेइने काठीकडे बघत विचारलं.

"तू नववर्षाला येऊन गेलास त्या आठवड्यात."

"मला का नाही..."

"तू मीटिंगमध्ये होतास."

त्यात टोमणा नव्हता. त्या खरंच तसं समजून होत्या, आत्ताआत्तापर्यंत.

"मीटिंग कधीच संपली, आई," तो म्हणाला.

मावशी दोन पावलं पुढे आल्या. मग आणखी एक. काठी फरशीवर वाजली. त्यांनी हात वर करून त्याचा डावा गाल अंगठ्याने पुसला, लहान मुलाच्या गालावरची काजळी पुसावी तसा. निघाली नाही. त्यांनी पुन्हा पुसला.

"या बाजूला टोपी ओढून घेत जा," त्या म्हणाल्या.

लानयिंगने पेज उतू जाऊ दिली. मग सगळे जेवले. पंगफेइने तीन वाट्या पेज घेतली आणि मावशींनी त्याला चौथी घ्यायला लावली. निघताना तो तिच्याजवळ आला. बोलायचं पुष्कळ असावं, पण म्हणाला एवढंच, "तुमचे ब्रेक झाले का दुरुस्त?"

"मेकॅनिक आलाय," लानयिंग म्हणाली. "बघतोय."

गाडी गेल्यावर ती मिरच्या पसरायला गच्चीवर गेली. धुकं विरत होतं. खाली भाताची शेतं कापून झाली होती, नुसते खुंट उरले होते. पर्यटक त्या शेतांपाशी रस्त्याच्या वळणावर कधी थांबत नसत. कुणी थांबायला सांगितलं तर लानयिंगच म्हणायची, पुढे चला, इथे काही नाही. त्याच वळणावर हिरव्या पाटीची गाडी कडेला घेऊन उभी होती. चारी दिवे उघडझाप करत होते. दारं बंद होती, कुणी खाली उतरलं नव्हतं.

थोड्या वेळाने मागून शांघायच्या पाटीची एक गाडी आली. हळू झाली, पुढच्या गाडीच्या मागे थांबली. मग एक मिनीबस. ड्रायव्हर थांबलाय म्हणजे बघण्यासारखं काहीतरी असणार, अशा हिशेबाने माणसं उतरली, कोट सारखे केले, इकडेतिकडे पाहिलं. शेवटी कुणीतरी कापलेल्या शेताकडे फोन धरला. मग सगळ्यांनीच धरला.

लानयिंग मिरच्यांचा थर हाताने सपाट करत त्यांच्याकडे बघत राहिली. ती माणसं मन लावून, आळीपाळीने, त्या रिकाम्या शेतासमोर उभी राहून फोटो काढत होती, आणि त्यांच्या पाठीशी ती गाडी दिवे लुकलुकवत तशीच उभी होती.